धाकट्यानं आधी उचलायचं

बनुबाई : म्हंजी ही माणसं जित्ती न्हाईत?

जयराज : न्हाईत गं आई. कॉम्प्युटरनं बनवल्यात. नाव, वय, उंची, पळायचा वेग, सगळं त्यानंच ठरवलेलं.

बनुबाई : आन् तू त्यांचा कोण?

जयराज : मॅनेजर. संघ माझा. 'कृष्णाकाठ किंग्ज'. असे बारा संघ हायत. एक कॅनडाचा, दोघं फिनलंडचे, एक जर्मनीत बसलाय. मॅच कॉम्प्युटरच खेळतो. आपण माणसं निवडायची आन् कोण कवा उतरवायचा ते सांगायचं.

क्रांती : आई, चहा घ्या. रविवार आला की यांचं हे असं असतं बघा. आठवडाभर एमआयडीसीत लेथवर लोखंड कापायचं आणि सुट्टीला नसलेल्या माणसांची काळजी करायची. परवा झोपेत ओरडले, 'एमिलला बाहेर काढू नका!' मला वाटलं, कंपनीत नवीन कोणी आलंय.

बनुबाई : एमिल कोण रं?

जयराज : माझा गोलकीपर. लीगमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा न्हाई.

बनुबाई : बर्फावर खेळत्यात म्हणालास. घसरून पडत न्हाईत?

जयराज : बुटाच्या खाली पातं असतंय. त्यावर घसरतच पळायचं. हातात काठी, चेंडूच्या जागी रबराची चकती.

बनुबाई : वीरूनं दावलं हुतं मला मोबाइलात. लडाखात तळं गोठलं की जवान खेळत्यात म्हणं तसलं.

क्रांती : यांनाही वीरू भाऊजींनीच दाखवलं होतं की. सुट्टीवर आले होते तेव्हा दोघं मोबाइल मधे धरून अंगणात बसायचे. वेड तिथूनच लागलं यांना.

जयराज : चहात साखर कमी हाय.

क्रांती : साखर रोजच्याइतकीच आहे. भाऊजींचं नाव निघालं की तुमचा चहा अगोड होतो.

बनुबाई : ऱ्हाऊ दे गं. मला एक सांग जयराज, सकाळधरनं तू घड्याळाकडं बघतोयस. आज काय हाय?

जयराज : पाचला ड्राफ्ट. दरवर्षी अठरा वर्षांची नवी पोरं येत्यात. बारा मॅनेजरांनी एकेक करून ती उचलायची. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

बनुबाई : मग आदी कुणी उचलायचं? त्यावर भांडणं हुत असतील.

जयराज : न्हाईत हुत. नेम ठरलाय. जो संघ शेवटचा आला, त्याला पयला नंबर. जो जिंकला त्यानं सगळ्यांच्या मागनं.

बनुबाई : हरला त्याला आदी? ह्यो कुठला न्याव?

जयराज : मग काय, जिंकणाराच दरसाल जिंकत बसंल की. दुबळ्यालाबी उठून उभं ऱ्हाता आलं पायजे.

बनुबाई : म्हंजी आपल्या वाटणीवानीच की. थोरल्यानं वाटं करायचं, धाकट्यानं आदी उचलायचं.

जयराज : वाटणीचं कशाला काढतीस आता?

बनुबाई : काढत न्हाई बाबा. रीत सांगितली. बरं, तुझा कितवा आला?

क्रांती : पहिला, आई. तीन वर्षं सलग पहिला. हातात कप नाही, पैसा नाही, नुसतं पडद्यावर कपाचं चित्र येतं. त्या दिवशी मात्र घरात बासुंदी.

जयराज : हसा. बाकीचे मॅनेजर नावाजलेली माणसं गोळा करत्यात. तिशीतली, दमलेली. मी उलटं करतो. कोवळं पोरगं घ्यायचं, दोन वर्षं बाकावर बसवायचं, मार खाऊ द्यायचा. तिसऱ्या वर्षी त्यो बघ. आन् म्हातारा हुयाच्या आत, भाव असताना, दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. लोक म्हणत्यात, कशाला घालवतोस, अजून चांगला खेळतोय. चांगला खेळतोय तवाच घालवायचा.

बनुबाई : उसाचा जुना खोडवा मोडायचा आन् नवी लागण करायची.

जयराज : आता कसं! खोडव्यावर किती वर्षं रान ठेवणार? 

बनुबाई : पर मला एक कळंना झालंय. तू दरसाल पयला. म्हंजी उचलायला तू सगळ्यांच्या मागं. मग चांगली पोरं तुला घावत्यात कशी? मागं तर गाळच ऱ्हात असंल.

क्रांती : हं. हे मला कधी सुचलं नव्हतं. कशी हो?

जयराज : तीच तर माझी हुशारी. लीगमध्ये एक खुळा हाय. 'स्नो लेपर्ड' म्हणून संघ त्याचा. दरसाल शेवटचा येतो, म्हंजी पयला नंबर त्याचा. आन् दरसाल त्यो नंबर मला देतो.

बनुबाई : फुकाट?

जयराज : फुकाट न्हाई. अदलाबदल. त्याचा पयला मला, माझा मागचा त्याला.

बनुबाई : ह्यात त्याला काय मिळालं?

जयराज : काय न्हाई! म्हणून तर खुळा म्हणतोय. पाच सालांमागं, मी जिंकायला लागायच्या आदी, तोच आला माझ्याकडं. मी म्हणलं, लबाडी असंल काय तरी. पण माणूस सरळ. दोन ओळी इंग्रजीत लिहितो, अदलाबदल करतो, गप बसतो. त्याच्या नंबरावर एमिल उचलला. मग मार्को आन् बाकीची. आन् आज टोबियास येणार. गोरा, उंच, साडेसहा फूट. एवढा गडी लीगमध्ये आजवर आला न्हाई. त्यो मिळाला की पुढची धा वर्षं आपल्याला कुणी हात लावत न्हाई.

क्रांती : मग घड्याळाकडे बघून नखं का खाताय?

जयराज : बाकीचे बोंबलायला लागल्यात. म्हणत्यात, ही मिलीभगत हाय. कॅनडावाला लीगचा प्रमुख. त्यानं शोधून काढलंय, स्नो लेपर्डबी इंडियातलाच हाय. सगळ्यांसमोर त्यानं मला इचारलंय, तुम्ही दोघं एकाच घरचे हाय का? ड्राफ्टच्या आत उत्तर द्यायचं. हो का न्हाई.

बनुबाई : आन् हो म्हणलं तर?

जयराज : अदलाबदल रद्द. टोबियास गेला. कदाचित मागचे तीन कपबी पुसतील. पण हो कशापायी म्हणू? मी त्याला वळखत न्हाई. 'न्हाई' असं लिहिणार आन् मोकळा हुणार.

बनुबाई : खुळा म्हणतोस, पर एवढा खुळा माणूस असतोय व्हय? दरसाल हरतो तरी कसा त्यो?

जयराज : संघाकडं बघतच न्हाई थंडीचा. दिवाळी सरली की गायब. मेसेज न्हाई, काय न्हाई. जखमी माणूस तसाच खेळत ऱ्हातोय, गोलकीपर दमला तरी बदलत न्हाई. सगळ्या मॅचा हरतो. आन् शिमगा झाला की येतो माघारी, जसं काय झालंच न्हाई.

बनुबाई : दिवाळी ते शिमगा?

जयराज : व्हय.

बनुबाई : वीरूचा फोनबी तवाच लागत न्हाई. वरच्या चौकीवर जातोय त्यो. बर्फानं वाट बंद हुती म्हणं.

(लॅपटॉपवर एकामागून एक मेसेज आल्याचा आवाज होत राहतो.)

क्रांती : अहो.

जयराज : इंडियात काय माणसं कमी हायत?

क्रांती : माणसं भरपूर आहेत. बर्फातली हॉकी कळणारी किती आहेत?

जयराज : असतील की. काश्मीरची असतील, शिमल्याची असतील. आन् त्याला कसं कळणार ह्यो संघ माझा हाय म्हणून? मी कुठं माझं नाव घातलंय.

क्रांती : 'कृष्णाकाठ किंग्ज'. फिनलंडच्या माणसानं ठेवलं असेल का हे नाव?

बनुबाई : त्यो आपला आदी उचलायचा नंबर सोडतोय. आन् तुझा मागचा घेतोय. दरसाल. मला खेळातलं कळत न्हाई बाबा, पर एवढं कळतंय.

जयराज : म्हंजी हे तीन कप मी जिंकलोच न्हाई? त्यानं टाकलेल्या तुकड्यावर मी एवढा फुशारलो?

क्रांती : असं काही नाही. नंबर त्यांनी दिला. पोरगं कोणतं उचलायचं ते तुम्हीच ठरवलंत. एमिलला बाकीचे हसले होते, तुम्हीच सांगितलं होतंत मला.

जयराज : मला नको त्याची दया. द्यायचं हुतं तर वाटणीच्या वेळी द्यायचं. ते नदीकाठचं रान घेऊन गेला, आन् मला ठेवलं चोपण. पांढरं मीठ वर येतंय जमिनीतनं. कुसळ उगवत न्हाई तिथं. म्हणून मी लेथवर उभा हाय आज.

बनुबाई : वाटं कुणी केलं हुतं रं?

जयराज : मीच.

बनुबाई : मग नदीकाठ समदा एका वाट्यात आन् चोपण समदं दुसऱ्यात, असं कशापायी केलंस? निम्मं निम्मं करायला कुणी हात धरला हुता?

जयराज : मला वाटलं...

बनुबाई : काय वाटलं? बोल की.

जयराज : मला वाटलं, त्यो नोकरीवाला हाय, मी शेती बघतोय. त्यो आपणहून चांगला माझ्यासाठी सोडंल. दादा म्हणून. आई, उचलायचा हक्क त्याचा हुता, ते मी कवा नाकारलं न्हाई. पण एका शब्दानं इचारायचं तरी. 'दादा, कुठला उचलू?' एवढंच. कागदावर बोट ठेवलं आन् दुसऱ्या दिवशी गाडी धरून गेला. जमिनीचं सोड, ते लागलंय मला. लय लागलंय.

बनुबाई : तू म्हणलास, उचल. त्यानं उचललं. जवानाला हुकूम दिल्यावर त्यो इचारत बसतोय व्हय? घर सोडलं तवा मिसरूड न्हवती फुटली त्याला. चोपण कुठवर आलंय त्याला काय ठावं? मागनं मी सांगितलं तवा लेकरू फोनवर रडलं. तुला किती येळा फोन लावला त्यानं, तू घेतलास?

जयराज : न्हाई घेतला.

बनुबाई : मग त्यानं दुसरी वाट काढली. त्यात त्याचं काय चुकलं?

क्रांती : अहो, पाच वाजत आले. तो कॅनडावाला परत विचारतोय. हो की नाही?

जयराज : थांब जरा.

बनुबाई : 'न्हाई' लिवलंस तर खोटं कुणाला कळणार हाय?

जयराज : कुणालाच न्हाई. टोबियास आपला.

बनुबाई : आन् त्याला?

जयराज : कुणाला?

बनुबाई : वीरूला. सगळ्यांसमोर लिवायचं म्हणालास. त्यो वाचतोय न्हवं?

जयराज : वाचतोय. त्याच्या नावापुढं हिरवा दिवा हाय.

क्रांती : पण आपण म्हणतोय ते चुकीचं असलं तर? तो दुसराच कोणी निघाला तर?

जयराज : तर त्यो न्हाई म्हणंल. त्याचा त्याला हक्क हाय. सरक जरा, लिहू दे मला.

क्रांती : काय लिहिताय? मोठ्यानं वाचा, आईंना कळू दे.

जयराज : 'होय. एकाच घरचे. माझा सख्खा धाकटा भाऊ हाय.' इंग्रजीत घातलंय. बरोबर हाय का बघ.

क्रांती : स्पेलिंग चुकलंय. असू दे, पाठवा.

बनुबाई : गेलं?

जयराज : गेलं.

बनुबाई : मग काय म्हणत्यात?

जयराज : कॅनडावाला म्हणतोय, अदलाबदल रद्द. कपाचं नंतर बघू. फिनलंडवाला दात काढतोय. आन् त्यो... त्यो काहीच म्हणंना.

क्रांती : 'नाही' पण म्हणाले नाहीत.

जयराज : ड्राफ्ट सुरू झाला. पयला नंबर स्नो लेपर्ड. दोन मिनिटं असत्यात उचलायला.

बनुबाई : मग उचलतोय का न्हाई त्यो?

जयराज : न्हाई. एक मिनिट गेलं. आरं टोबियास हाय की वरच, डोळं मिटून उचल गड्या! वेळ सरला तर कॉम्प्युटर कुठला तरी दगड देईल त्याला. का थांबलाय ह्यो?

क्रांती : मेसेज आलाय. तुम्हालाच, वेगळा. आणि मराठीत आहे.

जयराज : वाच तू. मला धड दिसंना झालंय.

क्रांती : 'दादा, कुठला उचलू?'

जयराज : परत वाच.

क्रांती : अहो, डोळे नंतर पुसा. अर्धं मिनिटच राहिलंय.

बनुबाई : सांग की रं त्याला. औंदा इचारलंय त्यानं.