दोन चोवीस

मार्नी : “हात आखूड. मिठी मारतो, पाडत नाही.”

हॉलिस : हं.

मार्नी : “आईला रोज फोन. दोनदा.”

हॉलिस : पुढे.

मार्नी : “पळतो हरणासारखा. घाबरतोही हरणासारखा.”

हॉलिस : हे बरं जमलंय.

मार्नी : “जेवताना शेजाऱ्याच्या ताटात बघतो.” “मान बैलाची, काळीज कोंबडीचं.” “गुडघा दोनदा उघडलाय, खोक्याचं झाकण उघडावं तसा.”

हॉलिस : माझ्या टिपणांच्या पट्ट्या वाचत बसणार आहेस का? पोरं निवडायचा ड्राफ्ट काल संपला. फळा उतरवायचा तर उतरव.

मार्नी : उतरवतेच आहे. तुमच्या दक्षिणेतली सत्तर पोरं होती या फळ्यावर. सत्तरांतल्या एकाबद्दलच तुम्ही चांगलं लिहिलंय, हॉलिस.

हॉलिस : एक म्हणजे खूप झालं. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हल्ली पीकच तसलं येतंय. दिसायला कणसं, आत दाणा नाही.

मार्नी : बसा ना. गुडघा कसा आहे?

हॉलिस : गुडघ्याला कुणी निवडणार नाहीये. काय काम आहे ते बोल, पोरी.

मार्नी : पोरी नाही. साहेब.

हॉलिस : तुला गाडीत शेजारी बसवून अलाबामा दाखवलं कुणी? मोटेलमधल्या बिछान्यात ढेकूण कसे बघायचे ते शिकवलं कुणी? बरं, साहेब. बोला, साहेब.

मार्नी : दर वर्षीचंच. आपण घेतलेल्या सहा जणांना गुण द्यायचे, पाकीट बंद करायचं, तीन वर्षांनी फोडायचं. कोण बरोबर होतं ते तेव्हा कळेल.

हॉलिस : तीन वर्षं कशाला? आत्ता सांगतो. पहिल्या फेरीतला तो चेंडू फेकणारा. दात छान आहेत.

मार्नी : एवढंच?

हॉलिस : टूथपेस्ट विकायची असेल तर दहापैकी दहा. अंगावर माणूस आला की चेंडू असा टाकतो, जसा काही गरम बटाटा आहे. दोन.

मार्नी : दुसऱ्या फेरीतला?

हॉलिस : तो कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका ना? चाळीस यार्ड काय पळाला, आकडे काय आले! चाळीस यार्ड सरळ पळायला पोस्टमनला लागतं, तेही कुत्रा मागे असेल तर. खेळात सरळ रेषा असते कुठे? एक.

मार्नी : तिसऱ्या फेरीतले दोघं?

हॉलिस : एक लठ्ठ, एक भित्रा. दोघांचा मिळून एक फुटबॉलपटू झाला असता. पण नियमात बसत नाही.

मार्नी : पाचव्या फेरीतला किक मारणारा?

हॉलिस : किक मारणाऱ्याला मी खेळाडू म्हणत नाही. तो भाडेकरू असतो. अन् हे सगळे निवडले कुणी? खुर्चीत बसून फिल्म बघणाऱ्यांनी. उंटावरून शेळ्या हाकायच्या, अन् शेळी मेली की उंटाला दोष.

मार्नी : एक राहिला. चौथ्या फेरीतला.

हॉलिस : कीथन मॅब्री. चोवीस नंबर. नऊ.

मार्नी : नऊ. तीस वर्षांत तुम्ही नऊ किती जणांना दिलेत?

हॉलिस : तिघांना. त्यातल्या दोघांचे पुतळे आहेत. ऐक, बचाव तो बरा करतो, पण ते सोड. किक मारून खेळ सुरू होतो तेव्हा अकरा जण मैदानभर धावत सुटतात, समोरच्याला पाडायला. कुणाला आवडत नाही ते काम. हाडं मोडतात, नाव होत नाही. हा पठ्ठ्या दर वेळी पहिला पोचतो. एका हंगामात चौदा माणसं पाडली. एकदाही उठून नाचला नाही. उठला, अन् खाली पडलेल्याला हात दिला.

मार्नी : ते वाचूनच मी भांडले या खोलीत. बाकीचे त्याला सहाव्या फेरीत घ्या म्हणत होते. मी म्हटलं, हॉलिस ट्रॅमेल तिथे उभा होता.

हॉलिस : होतोच. नोव्हेंबरात. थंडीनं नाक गळत होतं.

मार्नी : मे अखेर तुम्हा सगळ्या पारख्यांचे करार संपतायत, माहीत आहे ना?

हॉलिस : दर मे महिन्यात संपतात.

मार्नी : मालकांनी दोन नावं मागितली आहेत. ज्यांचे वाढवायचे नाहीत अशांची. दहा वाजता येतायत. मॅब्रीच्या जोरावर तुमचं नाव मी त्यातून काढणार होते.

हॉलिस : ‘होते’?

मार्नी : काल निवड जाहीर झाल्यावर मॅब्रीला मीच फोन केला. घरात सगळे ओरडत होते, मागे कुणीतरी रडत होतं. मी म्हटलं, अभिनंदन, तुझं किकच्या वेळचं धावणं आम्हाला फार आवडलं. तो फोन घेऊन घराबाहेर गेला.

हॉलिस : गहिवरला असेल.

मार्नी : तो म्हणाला, मॅडम, मी किकच्या तुकडीत कधी खेळलोच नाही.

हॉलिस : काय?

मार्नी : तो लाँझो, म्हणाला. लाँझो टीग. तोही चोवीस नंबरच घालतो.

हॉलिस : मूर्ख कॉलेज!

मार्नी : कॉलेजांत ते चालतं. शंभरावर पोरं अन् नंबर नव्व्याण्णवच. दोघं एकाच वेळी मैदानात नसले की झालं. हे मला कुणी शिकवलं?

हॉलिस : पाठीवर नावं घालत नाहीत ते लोक. भिकारडी शाळा. फिल्म काढणारा आंधळा, अर्धा वेळ ढगांचं चित्रण करतो. कुणीही फसला असता.

मार्नी : फिल्म बघणारा फसला असता. तुम्ही तिथे होतात.

हॉलिस : होतो म्हटलं ना!

मार्नी : वर, काचेच्या खोलीत? जिथे पारखी बसतात?

हॉलिस : मग काय झाडावर?

मार्नी : तिथे प्रत्येकाला एक कागद देतात. मी कॉलेजकडून मागवला. चोवीसच्या पुढे दोन नावं आहेत, एकाखाली एक. आणि कुणी कुणाला पाडलं की कर्ण्यावरून नाव सांगतात. त्या दिवशीही सांगितलं असेल ना? “टीग.”

हॉलिस : मी कर्णे ऐकत नाही. मी पाय बघतो.

मार्नी : तुमच्या टिपणात मैदानाचं एकच टोक आहे, हॉलिस. गाड्या लावतात तिकडचं, खालून दिसतं तेवढंच. दुसऱ्या टोकाला काय झालं त्याबद्दल एक ओळ नाही.

हॉलिस : आता तू मला टिपणं वाचायला शिकव. चार वर्षांपूर्वी तुला बचावपटू अन् वेटर यांतला फरक कळत नव्हता!

मार्नी : कळत नव्हता. म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला.

(हॉलिस टेबलावरच्या कालच्या डोनटचा तुकडा मोडतो, खात नाही, परत खोक्यात ठेवतो.)

हॉलिस : टीगला कुणी घेतलं?

मार्नी : कुणीच नाही. सात फेऱ्यांत नाही. नंतर बत्तीस संघ उरलेल्यांना फोन लावत होते, तेव्हाही नाही. कुणाच्याच फळ्यावर त्याची पट्टी नव्हती. आपल्याही.

हॉलिस : गाढवं आहेत सगळी. चौदा माणसं पाडली त्यानं! डोळे काय शेव्हिंगला वापरतात?

मार्नी : आपल्याकडेही पट्टी नव्हती, म्हटलं मी.

हॉलिस : ऐकलं.

मार्नी : मॅब्रीनं शेवटी काय विचारलं सांगू? “लाँझोला पण घेणार का? तो माझ्यापेक्षा चांगला आहे.” ज्याला आपण घेतलं, तो विचारतोय.

हॉलिस : याचा अर्थ पोरगा सभ्य आहे. मॅब्रीचे नऊ खोड. पाच कर.

मार्नी : सराव शिबिरात एक जागा मी धरून ठेवली आहे. टीगचा नंबर हा. त्याच्या कॉलेजचे कोच म्हणाले, रविवारी तो मामाच्या टायरच्या दुकानात असतो.

हॉलिस : रविवारी टायर कोण बदलतं?

मार्नी : फोन तुम्ही करता की मी करू?

हॉलिस : काय सांगायचं त्याला?

मार्नी : तुम्हीच त्याच्याबद्दल लिहिलेलं. फक्त वर त्याचं नाव घालून.

हॉलिस : अन् मालकाला?

मार्नी : मालकांना चूक दिसेल. ती कशी झाली ते तुम्ही सांगितलंत, तर मी तुमच्या बाजूनं बोलू शकते. सांगितलं नाहीत तर मला फक्त कागद दाखवावा लागेल. लिफ्टचा आवाज आला बघा. आलेच ते.

हॉलिस : नंबर दे इकडे. आधी टीग.

मार्नी : हॉलिस.

हॉलिस : वाजतोय.

मार्नी : हॉलिस, मी काय सांगू त्यांना?

हॉलिस : सांग, गुडघा हा असा, अन् तिथल्या काचेच्या खोलीपर्यंत एकोणसाठ पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही.