कोंड्यातला बरफ

— नाही जी महागू भाऊजी, आत्ताच नाही उचलाचं! बरफ आहे ना अजून. पाहा, तुमच्या भावाच्या पाठीखाली चांगली लादी उरली आहे. काल दुपारी जीव गेला, तार लगेच केली, भिलाईवरून भोजराज येऊनच राह्यला असंन. एकुलता पोरगा, अग्नी त त्यानंच द्याचा — मंग घाई काहून?

हसू नाही त काय करू? जन्मभर राईसमिलच्या बॉयलरपुढं भाजला हा माणूस, अन् घरी आला का माह्यावर वाफ सोडे. मी म्हणो, एखाद्या दिवशी बरफाचा गोळा त चारा — त म्हणे, बरफ म्हणजे पाणीच होय, घरचं पी! आता पाहा, गोंदियाच्या गाडीनं आख्खी लादी आली, अन् धनी वैशाखात तिच्यावर आडवे. मजा आहे बुढ्याची!

अजी, ते घोंगडं राहू द्या! सकाळी शेजारच्या गोदाबाईनं हाच शाहाणपणा केला — घोंगड्यानं बरफाले गरमी होते म्हणे — लादीवरचा कोंडा झाडला, घोंगडं ओढून काढलं, अर्धी लादी नालीत गेली. घोंगडं कुठं गरम असते जी? बाहेरची गरमी ते आत येऊ देत नाही, बस. मले काय समजते, ललितानं सांगतलं. तिनंच मिलमधून पुन्हा धानाचा कोंडा आणला. त्याच कोंड्यानं बॉयलर पेटते, अन् त्याच कोंड्यात बरफ टिकते — आहे का नाही गंमत? बापाचे पाय गेले तेव्हापासून भट्टीत कोंडा पोरगीच टाके. हा नुसता बसून वाफेच्या काट्याकडे पाहे अन् तिले शिव्या दे. लाडाच्या शिव्या. भोजराजले त लाडाच्याही नाही. "बुढा मेला का बोलवा" म्हणून गेलता तो. बोलावलं ना मंग!

मरताना? काही नाही बोलला. पाणी मागतलं. — बरं, बोलला. "मडकं ललिताच्या हाती दे" म्हणे. मी आयकलंच नाही असं केलं. काय करू? बापासाठी नाही त अग्नीसाठी तरी पोरगा घरी येईन, मले एकडाव त्याचं तोंड पाहाले भेटन. म्हणून हा बरफ, भाऊजी. मेलेल्यासाठी कोण एवढा खर्च करते?

थांबा — शिट्टी! गाडी आली. मिलच्या पुनारामले धाडलं आहे टेशनावर. कोंडा सारखा करा तिकडून, पाणी वाहून राह्यलं...

आला पुनाराम. — एकटाच? डब्बे पाह्यले सारे? बरं.

बरं.

ललिता! ये बाई इकडे. रडू नको, पदर खोच. मडक्यात विस्तव भर अन् पुढं हो. — काय म्हणता भाऊजी? पोरीनं मसणात जाऊ नये? मंग तुम्ही घरीच राहा.