ताडपत्रीखालची गाडी

गाडी जपायची म्हणता ना, मंग आमच्या बाबाचं आयका.

वरूडले नवी कार घेतली अन् बाबानं तीन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली. दसऱ्याले हार घालायचा, बस. आई म्हणे, "मले एकडाव रिद्धपूरले दर्शनाले न्या." बाबा म्हणे, "संत्र्याचा तोडा होऊ दे." दर साली तोडा होये, पण गाडी काही निघे ना.

शेवटी यंदा निघालो, तं मोर्शीच्या पुढे इंजिनच जाम झालं. मी शोरूमले फोन लावला. थे म्हणे, "वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली."

मोर्शीहून मेकॅनिक बोलावला. त्यानं ऑइल पाह्यलं, तं डांबरासारखं झालेलं.

"काका, ऑइल कधी बदललं होतं?"

"गाडी चाललीच नाही, तं ऑइल कायले बदलू?"

"उभ्या गाडीचंही ऑइल खराब होते, काका. आता इंजिन गेलं."

बाबानं बॉनेट बंद केलं. मंग मागच्या सीटवरून आई हळूच बोलली, "एका जागी राहून राहून काय होते, थे मले इचारलं असतं, तं मीच सांगतलं असतं."