डोमा नाला ओलांडून आला

मंडळी, बसा. मागच्यांनी बी बसा. बाया तिकडे नाल्याच्या अंगाले उभ्या आहेत, त्यायले उभ्याच राहू द्या. मीच सांगितलं आहे त्यायले.

मी या गावाचा कोतवाल. मले दवंडी द्यायची सवय आहे, असं बोलायची नाही. पण गुरुजी म्हणाले, सायत्रावर तूच बोल, तिच्यासंगं कचेरीत तूच जात होता. म्हणून उभा राहिलो.

परवा सकाळी ती माझ्या दारावरून गेली. डोक्यावर टोपली, मोहफुलं वेचाले. मले म्हणे, "कोतवाल, नातीचा ताप उतरला का?" मी म्हणलं, उतरला. "मंग तिले पेज दे," म्हणे, अन् गेली. दुपारी चौघांनी खाटेवर घालून आणली. साप चावला होता. सकाळी दुसऱ्याच्या लेकराचा ताप विचारणारं माणूस दुपारी नाही! मंडळी, हे मले अजून समजून नाही राहिलं. कोणाले समजलं असल तर सांगा मले.

या गावात बाईसाठी शोकसभा कधी भरली नाही. आज भरली, चांगलं झालं. पण भरली आहे तर खरं बोलू.

बाहेरगावचे पाहुणे आले आहेत, त्यायच्यासाठी सांगतो. सायत्राचा नवरा डोमा. ढोलकी वाजवते. असा वाजवते का पुऱ्या झाडीपट्टीत त्याच्या जोडीचा नाही. लेक जमना पोटात होती तेव्हा हा घर सोडून गेला. गेला तरी कुठं? नाल्याच्या पल्याड. लांब नाही. त्याच्या घरचा कोंबडा आरवला तर आपल्याले ऐकू येते. पण मंडळी, नाल्याच्या इकडे सरकारचा मुलूख अन् तिकडे संस्थान. तिथं राजा वेगळा, कचेरी वेगळी, शिपाई वेगळे. तिथं त्यानं दुसरं घर केलं.

सायत्रा कचेरीत गेली. आपल्या गावची पहिली बाई, जी नवऱ्यावर कचेरीत गेली. साहेबानं हुकूम दिला, लेकराची पोटगी बापानं द्यायची. मी तिथंच दाराशी उभा होतो. मले वाटलं, झालं, सायत्राचं भागलं.

कशाचं भागते! त्यानं पैसा दिला नाही, तवा जमादार अन् मी त्याले धरायचं वॉरंट घेऊन नाल्यावर गेलो. डोमा तिकडच्या काठाले खाट टाकून बसला होता. उठला बी नाही. म्हणते, "या ना कोतवाल, पान खाऊन जा." जमादारानं मले हाताले धरून थांबवलं. म्हणाला, "पानी के उस पार अपना हुकुम नहीं चलता." मंग साहेबानं संस्थानाले लिहून विचारलं. बहुत महिन्यांनी जबाब आला, असा इसम आमच्याकडे राहत नाही! ज्या दिवशी जबाब आला, त्या दिवशी बी त्याची ढोलकी वाजून राहिली होती.

मी हे सायत्राले सांगितलं. ती बांधीत धानाचा रोवणा करून आली होती, पायाले चिखल तसाच. मले म्हणे, "काऊन गा कोतवाल, माझ्या टुरीची भूक बी नाल्यावर थांबते का?"



पण तिनं सोडलं नाही. दरसाल धानाची कापणी झाली का कचेरीत जाय अन् नवं वॉरंट काढून आणे. मी म्हणो, "सायत्रा, कायले पाय झिजवतेस? तो येत नाही." ती म्हणे, "तो येईन त्या दिवशी कागद शिळा नसावा."

अन् आपण काय केलं मंडळी? आता खाली पाहू नका. दिवाळीनंतरची आपली मंडईची जत्रा गावाच्या मधात भरत होती. डोमा पळाला अन् मंडई नाल्यावर गेली. काऊन? त्याच्या ढोलकीबिगर आपल्याले दंडारीचा नाच गोड लागत नाही म्हणून! दंडारवाले या काठाले नाचले अन् तो त्या काठाले बसून वाजवत राहिला. ज्याच्या नावाचं वॉरंट, त्याच्या हातावर पुरं गाव माना डोलवून राहिलं होतं. असं कोण्या दुसऱ्या गावात झालं असल का?

सायत्रा बी आली होती मंडईले. जमनाले पुढं घेऊन बसली. सगळ्यायले वाटलं, आता ही शिव्या देईन. तिनं टुरीले बोट करून दाखवलं. "पाहून घे बाप. हात चांगला चालते त्याचा." एवढंच. मी मागंच बसलो होतो. त्या दिवसापासून मले ढोलकी ऐकू वाटत नाही.

आता आजचं सांगतो. ऐका.

आज सकाळी डोमा आला. नाल्याले पाणी नाही, सरळ चालत आला. छाती पिटून रडला. तेव्हा माझ्या बी डोळ्याले पाणी आलं, खोटं कायले बोलू? मले वाटलं, माणूस आहे, आतून तुटला असल. अन् रडणं झाल्यावर तोंड पुसून पाटलाले म्हणते, "टुरी माझी होय. सभा झाली का घेऊन जातो. तिकडे तिचं लगन ठरवलं आहे."

जिच्या तोंडात याचा एक घास गेला नाही, ती आज याची झाली? आईची राख अजून गरम आहे! एकदा ते लेकरू नाल्याच्या पल्याड गेलं, का आपण कोणाले विचारणार? तिकडून जबाब येईन, अशी टुरी आमच्याकडे राहत नाही.

गुरुजी मले म्हणाले, दुःखात आलेल्या माणसाले हात लावू नये, कोतवाल. गुरुजी, तुमचा मान आहे. पण दुःखात ती जमना आहे. ती पाहा, पाटलीणबाईच्या पदराले धरून बसली आहे. सकाळपासून पदर सोडून नाही राहिली.

मी शोकसभेची दवंडी दिली, अन् दवंडी देता देता चिचगडाले कचेरीत जाऊन आलो. जमादारसाहेब शाळेच्या मागं उभे आहेत. यंदाचं वॉरंट त्यायच्यापाशी आहे. सायत्रानं काढलेलं. शिळं नाही.

डोमा, उठू नको. नाल्याकडे पाहू नको. तिकडे सायत्रासंगं रोवणा करणाऱ्या बाया उभ्या आहेत, अन् त्या तुझ्यासाठी वाट सोडणार नाहीत. जमनाले न्यायचं का नाही, हे आता साहेब ठरवतील. तू एकटा ठरवणार नाही.

सायत्रा, बाई, तू म्हणत होती तसा तो आला. तुले पाहाले नाही भेटलं, हेच माझ्या छातीत अडकून राहिलं आहे. तुले या गावाचा हात जोडून नमस्कार.

आता सगळे उभे राहा. डोमा, तू बी राहा. आपण तिच्यासाठी घडीभर न बोलता उगेमुगे राहू. डोळे मिटा मंडळी.

मी मिटत नाही. त्या बाया बी मिटणार नाहीत.