दुसरा कप

तुम्ही हसणार, म्हायती हाय मला. तरी सांगतो. निपाणीत आप्पांच्या भांड्यांच्या दुकानात बिलाचं सॉफ्टवेअर बसवायला गेलतो. जैन माणूस, लई अदबीचा.

"ह्याचं पैसं कुणाला द्यायचं?"

"फुकट हाय आप्पा. लिहिणाऱ्यानं सगळ्यांसाठी खुलं सोडलंय. कुणीबी वापरावं, कुणीबी बदलावं."

"कोण म्हणायचं ते?"

"लांबचं कोण तरी. वारलं म्हणं."

आप्पांनी दोन चहा मागवलं. एक मला दिला, दुसरा रिकाम्या खुर्चीपुढं ठेवून हात जोडलं. "येवढं दिलं त्येंनी, त्येंला चहाबी इचारायचा न्हाय व्हय?"

मला हसू आलं. ते लपवायला टेबलाखाली वाकलो, वायर जोडली. वर आलो, तर दुसरा कप रिकामा.

"आप्पा, तुम्ही प्यालासा काय?"

"माझा आज उपवास हाय. पाणीबी न्हाय."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बसावं म्हणून ती रिकामी खुर्ची ओढाय लागलो, तर आप्पांनी माझा हात धरला अन् हळूच म्हणालं,

"तिथं नगो. अजून उठलं न्हाईत ते."