चौथी वाहिनी

बायको : अहो, डॉक्टर तिसऱ्यांदा सांगतायत. निदान ‘हूं’ तरी म्हणा!

पेंटर : हूं म्हटलं की या डॉक्टरबाई चाकू काढतील. डॉक्टर, मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. पाच मिनिटं हात लुळा पडला, ब्रश सुटला, मग सगळं पूर्ववत. एवढ्याशासाठी मान कापून घेऊ?

बायको : शिडीवर होतात, ते नका सांगू!

डॉक्टर : काका, हा फोटो बघा. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार वाहिन्या. दोन मानेच्या पुढून, दोन मागून, मणक्यांमधून. तुमची पुढची डावी इथे, जबड्याखाली, ऐंशी टक्के बंद आहे.

पेंटर : डावी? लुळा पडला उजवा हात! फोटो माझाच आहे ना?

डॉक्टर : तुमचाच. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. बोलणंही बहुतेक तिथूनच.

पेंटर : बरं. पण एक गेली तरी तीन उरतातच की. आमच्या शेजारचा कंपाउंडर म्हणाला, मेंदूच्या तळाशी चारही एकमेकींना गोल जोडलेल्या असतात. इकडून नाही तर तिकडून रक्त येतं.

बायको : घ्या! कंपाउंडर पास, डॉक्टर नापास.

डॉक्टर : त्यांचं बरोबर आहे. तसं कडं असतं. पण प्रत्येकाचं पूर्ण नसतं. तुमचं बघा, डावीकडे पुढचा जोड नाहीच. मागचा आहे तो केसाएवढा. जन्मापासून.

पेंटर : माझ्याच वाट्याला अर्धवट माल?

डॉक्टर : पुष्कळांच्या येतो. त्यांच्या वाहिन्या मोकळ्या असतात, म्हणून त्यांना कधी कळत नाही. काका, याआधी असं काही झालं होतं? हात, डोळा, बोलणं?

पेंटर : छे.

बायको : माझ्याकडे बघून सांगा.

पेंटर : ...एकदा. मागच्या महिन्यात.

बायको : आणि मला आज कळतंय? या माणसापुढे डोकं आपटून घ्यावं की काय!

डॉक्टर : काकू, थांबा जरा. नेमकं काय झालं होतं?

पेंटर : ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हिला हाक मारायला गेलो, तर नाव येईना. माणूस समोर दिसतंय, आपलंच आहे, पण नाव नाही. दारात तसाच उभा राहिलो.

डॉक्टर : मग?

पेंटर : मग कसंबसं ‘अगं’ म्हटलं. ही म्हणाली, आले. थोड्या वेळानं नाव आलं परत.

डॉक्टर : दोनदा सुटलात. तिसऱ्यांदा गेलेलं परत येईलच, असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशनमध्येही थोडा धोका आहे, पण थांबण्यात जास्त. परवा सकाळी करू.

पेंटर : एक पाटी अर्धी राहिलीय...

बायको : राहू दे!

पेंटर : आणा तो कागद. सही कुठे करायची?

(तो सही करतो. डॉक्टर कागद घेऊन बाहेर जातात.)

पेंटर : बोल काहीतरी. रागावलीस?

बायको : चाळीस वर्षं नुसतं ‘अगं’च म्हणत आलात. मला कळायचं तरी कसं?