पडीचे आंबे

ऐका रे. आणि तो मोबाईल आधी खाली ठेव, माझ्या डोळ्यांवर उजेड मारू नकोस. हं.

आपला सगुण राऊळ. वरच्या वाडीतला, पिढीजात आंब्याची बाग करणारा. बायको शेवंती, दम्याची. चैत्रातली रात्र. शेवंतीला धाप लागली ती थांबेचना. घरातला पंप संपलेला. सगुण धावत बाजारात गेला, डॉक्टरला उठवलं, नवा पंप खिशात घातला. डॉक्टर म्हणाला, "धावत जा. जरासुद्धा उशीर करू नकोस."

सडकेनं तास लागतो, बागेतल्या पायवाटेनं वीस मिनिटं. नाक्यावरचा म्हातारा पुंडलिक ओरडला, "सगुणा, बागेतसून जाव नको रे!" पण ऐकतोय कोण? त्याची स्वतःची बाग ती. झाडन् झाड ओळखीचं.

शिरला. हातात बॅटरी, तीही मिणमिणती. चार पावलं गेला नसेल, तोच धप्प!

आंबा पडला.

आता तुम्ही शहाणे म्हणाल, पडू दे की! अरे, तुम्ही विकत घेऊन खाणारे. बागवाल्याला पडलेला आंबा ओलांडून जाता येत नाही. रात्रभर राहिला तर डुकरं खातात ना! हात आपोआप खाली जातो. सगुणनं उचलला, शर्टाची झोळी केली, आत टाकला. पुढं धप्प! तोही उचलला. मग डावीकडे, वाट सोडून दोन पावलांवर. मग आणखी आत. "हा एवढाच," म्हणायचा आणि वाकायचा. तिकडं घरात बाई श्वासासाठी तडफडतेय, आणि हा वाकतोय!

मग वारा पडला. पान हलेना, आणि आंबे मात्र पडतायत. धप्प! धप्प! धप्प! समोर कोणीतरी पाठमोरं, हातात कंदील, आंबे वेचतंय. न वळता बोललं, "सगुणा, हयसर बघ किती पडलेत. ये, ये."

आवाज कोणाचा? त्याच्या मेलेल्या बापाचा!

लेकच तो. पाय निघालेच. वाकला, आंबा उचलला, अंगठा देठाशी गेला. कोरडा.

अरे, आत्ता झाडावरून सुटलेला आंबा, देठाला चीक नको? हात भाजतो त्या चिकानं! झोळीतला दुसरा चाचपला. कोरडा. तिसरा, तोही कोरडा. हे आंबे कुठल्या झाडाचे नव्हतेच!

बॅटरी खाली मारली. पुढचं पाऊल टाकायचं तिथं जमीनच नाही! जुनी विहीर, कठडा नसलेली. झोळी सोडून दिली आणि पळत सुटला. मागून बापाची हाक, "झिला, एक आंबो रवलो रे! एक रवलो!" एक राहिला म्हणे! वळून बघितलं नाही, हे त्याचं नशीब.

घरी पोचला तर शेवंतीचे ओठ निळे. पंप तोंडाला लावला. एकदा. दोनदा. काही होईना. तिसऱ्यांदा कुठं श्वास आत गेला. वाचली बाई! जरा बोलता आलं तशी म्हणाली, "इतको उशीर कित्याक झालो?"

भुतानं अडवलं म्हणायची सोय होती. पण पहिला आंबा उचलला, तेव्हा कोणी हाक मारली होती? खिशात बायकोचा जीव, आणि हा आंबे वेचत होता. तिचे पाय धरून रडला माझा गडी.

म्हणून बजावतो. काळोख पडल्यावर त्या वाटेला जायचं नाही, बाग स्वतःची असली तरी. आणि घरी कोणी वाट बघत असेल ना, तर वाकायचं नाही. चला, उठा आता. सगळे मिळून जा, आणि सडकेनं जा.